कुलरला हात लावायचा नाही

जबलपूरला राइट टाउनच्या एका गल्लीत रत्नाकर पाटणकरांचं मुलींचं वसतिगृह आहे. पाटी भली मोठी, आत जागा बेताची. तळमजल्यावर एक लांबट खोली, भिंतीला लागून पलंग, एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला न्हाणीघर. मागे शेजाऱ्याची भिंत चिकटलेली, म्हणून मागचं दार नाहीच. रस्त्याच्या बाजूला एकच गजांची खिडकी, आणि उन्हाळ्यात मधले गज काढून तिच्यात कुलर. पुढे दारापुरता व्हरांडा. व्हरांड्याला चॅनल गेट, ओढलं की लोखंडी पट्ट्यांच्या तिरप्या चौकटी करत पसरणारं. गेटला कुलूप. कुलूप बाहेरून.

"मुलींच्या सेफ्टीसाठी," रत्नाकरजी सांगत. पालकांना हे वाक्य फार आवडायचं. पांढुर्ण्याहून, सौसरहून, बालाघाटहून आलेले बाप ते कुलूप हातात घेऊन त्याचं वजन बघत आणि निश्चिंत मनाने परतीची बस धरत. कुलपाच्या आत राहणाऱ्या पोरींना कसं वाटतं, हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. पोरींना काय विचारायचं!

कुलपाच्या किल्ल्या दोन. एक रत्नाकरजींच्या जुडग्यात, दुसरी प्रतिमा दीदीच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात ओवलेली.

प्रतिमा दीदी चाळिशीला आलेली बाई. अंगाने ठेंगणी, आवाजाने मुळीच नाही. नावाला वॉर्डन, कामाला सगळंच: पोळ्या, झाडू, तापाच्या पट्ट्या, रडणाऱ्या पोरीच्या उशाशी बसणं. तिची एक खोड साऱ्या गल्लीला माहीत होती. कुणाकडे हळदीकुंकवाला गेली तरी आधी घरातली दारं बघायची. खिडक्यांना गज पक्के दिसले की चहा अर्धा टाकून उठायची. लग्न का केलं नाही असं कुणी खोचून विचारलं, तर म्हणायची, "सासरला मागचं दार आहे का, ते सांगा आधी. मग पाहू."

लोक हसायचे. तीही हसायची. पण ही नोकरी तिने धरली होती ती पगाराकडे बघून नाही. बोलणं झालं त्या दिवशी तिने एकच अट घातली होती: किल्ली माझ्या गळ्यात राहील. रत्नाकरजी तेव्हा म्हणाले होते, "अरे, बिल्कुल!"

फेब्रुवारीत नेहा नावाच्या मुलीचा भाऊ रेल्वेच्या परीक्षेला जबलपूरला आला. बहिणीला भेटायला गेटपाशी उभा राहिला. भरदुपारी भावाने बहिणीशी लोखंडाच्या चौकटीतून बोलायचं? दीदीने कुलूप काढलं, त्याला व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं. नेमके त्याच वेळी सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या घरून निघालेले रत्नाकरजी स्कूटरवरून गल्लीत वळले.

ते ओरडले नाहीत. ते कधीच ओरडायचे नाहीत, हीच त्यांच्याशी भांडायची पंचाईत होती. संध्याकाळी गोड हसून म्हणाले, "दीदी, ती किल्ली देऊन ठेवा बरं माझ्याजवळ."

"काहून?"

"सिस्टीम आहे. एकाच हातात किल्ली बरी."

"मग माझ्या हातात राहू द्या नं."

"दीदी..." ते आणखी गोड हसले. "नोकरी सांभाळा."

दीदीने दोरा गळ्यातून काढला. म्हातारे वडील तिच्यावर अवलंबून होते, त्यांची औषधं होती. तिने किल्ली दिली, आणि त्या दिवसापासून दुपारचं जेवण उरकून रत्नाकरजी कुलूप लावून जायचे ते पाच-साडेपाचला यायचे, संध्याकाळी सातला परत कुलूप. आत मुली आणि मुलींबरोबर दीदी. तिने आपला पलंग गेटपाशी ओढला. झोप लागेना. पडल्या पडल्या ती एक हात गेटच्या पट्टीवर ठेवायची. लोखंड थंड असायचं.

एप्रिलच्या एका दुपारी धरणी हलली.

मोठं काही नव्हतं. मांडणीवरची ताटं खणखणली, पंखा दांडीसकट झुलला, भिंतीतून ट्रक गेल्यासारखा आवाज आला. पण जबलपूरच्या पोरींना घरातल्या मोठ्यांनी सत्त्याण्णवच्या भूकंपाच्या गोष्टी सांगितलेल्या असतात आणि बाहेरगावच्या पोरी त्या इथे येऊन ऐकतात. "भूकंप!" कुणीतरी किंचाळली आणि सगळ्या उठून गेटकडे धावल्या.

सगळ्यांत पुढे पोचली पूर्णिमा. सौसरची, तेरा वर्षांची, सगळ्यांत लहान आणि पायाने सगळ्यांत चपळ. ती गेटवर आदळली. तिच्या पाठीवर दुसरी, तिच्यावर तिसरी. मागच्या ओरडत होत्या, "खोल ना, खोल!" पुढचीला उघडायला काही नव्हतं. दीदी मागून ओरडली, "मागे सरका! चलो, पीछे!" एकेकीला दंडाला धरून तिने ओढून काढलं. तोवर धरणी केव्हाच थांबली होती.

पूर्णिमाच्या गालावर गेटची चौकट उमटली होती. तिरपी, लाल, नक्षी काढावी तशी. संध्याकाळपर्यंत ती गेली नाही.

समोर लिंबाखाली अंबादासचा इस्त्रीचा ठेला होता. तोही धावत आला होता. दीदी गेटमधून म्हणाली, "भैया, दगड घ्या अन् तोडा हे कुलूप."

अंबादासने दगड उचललाही. मग कुलपाकडे पाहिलं आणि हळूच खाली ठेवला. "दीदी, साहेबांचं कुलूप आहे जी. मी हात लावला तर उद्या गल्लीत चोरी माझ्या नावावर लागंल."

त्याचं काय चुकलं? गरिबाला दुसऱ्याच्या कुलपाची भीती आधी शिकवतात, अक्षरं नंतर.

रत्नाकरजी साडेपाचला आले. पूर्णिमाचा गाल त्यांनी पाहिला, अगदी जवळून पाहिला. "च्च. बर्फ लावा," म्हणाले.

"किल्ली द्या," दीदी म्हणाली.

"अहो, हलकासा तर होता. काही झालं का?"

"झालं असतं तर?"

"दीदी, तुमचं समजतं मला. तुमच्या मनात ते जुनं बसलेलं आहे. पण इतक्या वर्षांत इथं काही झालं? उद्या एखादी पोट्टी निघून गेली, तर तिच्या बापाला मी काय सांगू? ते मला विचारतील, भूकंपाला नाही विचारणार." आणि त्यांनी आपल्या हाताने कुलूप लावून, एकदा ओढून बघून, स्कूटर चालू केली.

त्या संध्याकाळी मुली जेवल्या नाहीत. पूर्णिमा पलंगावर गुडघे जवळ घेऊन बसली होती. म्हणाली, "मी उद्या बाबांना फोन करते. मला नाही राहायचं इथं. मला शिकायचंच नाही."

गणितात वर्गात पहिली येणारी पोरगी हे म्हणत होती. सौसरला तिच्या घरी मोठ्या बहिणीचं शिक्षण आठवीला सुटलं होतं. ही परत गेली तर हिचंही सुटणार, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

दीदी तिच्याजवळ येऊन बसली. तेवढ्यात नेहाने विचारलं, "दीदी, तुम्ही सत्त्याण्णवच्या भूकंपात दबल्या होत्या म्हणे?"

"दबले नव्हते. अडकले होते," दीदी म्हणाली. "दबलेल्या माणसाला काही करता येत नाही. आम्हाला करता येत होतं. आम्ही केलं नाही."

ही गोष्ट तिने त्याआधी कुणाला पूर्ण सांगितली नव्हती.

तिचे वडील, दिनकरराव पाटील, तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर होते. रांझीजवळ भाड्याचं घर, पुढची खोली, मागची खोली, वर कौलं, बाजूला अंगण. मे महिन्यात सगळी वस्ती अंगणात खाटा टाकून झोपायची, यांचंही तसंच. त्या वर्षी वडिलांनी कुलर आणला. वस्तीतला पहिला! मागच्या खोलीच्या खिडकीचे गज कापून त्यात बसवला, बाहेर विटांच्या चवडीवर टेकवला, बाजूच्या फटीत पुठ्ठे कोंबले. वस्तीतली पोरं बघायला जमली, तेव्हा वडिलांनी दोन्ही मुलांना समोर उभं केलं. प्रतिमा चौथीतली, अक्षत अजून बालवाडीत.

"याला हात लावायचा नाही. काय? हात लावला की करंट चिकटतो. चिकटला की सोडत नाही. काय सांगितलं?"

"हात लावायचा नाही," दोघं एका सुरात म्हणाली.

वडील रात्रपाळीला गेले. ते गेल्यावर मुलांनी आईचा पदर धरला: आज आत झोपू, कुलरच्या हवेत. आई हसून हो म्हणाली. मुलं पहिल्यांदाच आत झोपली. ओल्या वाळ्याचा वास, गार वारा. आई मात्र सवयीने अंगणात.

पहाटे धरणी फाटल्यासारखा आवाज झाला. पुढची खोली कौलांसकट बसली आणि मागच्या खोलीचं दार बुजलं. मागची खोली उभी राहिली. तिच्यात दोन पोरं, तोंडात चुना आणि माती.

आई नळावर जायला उठली होती. अंगणाची भिंत तिच्यावर आली. लोकांनी तिला काढलं, बेशुद्ध होती, तशीच ठेल्यावर घालून दवाखान्यात नेली. पोरं आत आहेत हे एका तिलाच माहीत होतं.

"मग कुणी शोधलं नाही तुम्हाला?" पूर्णिमाने विचारलं.

"शोधलं नं. सगळ्यांनी शोधलं. अंगणात." दीदीचा आवाज कडक झाला. "पाटलांची पोरं अंगणात झोपतात, हे सगळ्या वस्तीला पक्कं माहीत. म्हणून सगळे पडलेल्या भिंतीच्या विटा उपसून राहिले होते. बाबा कारखान्यातून धावत आले, तेही तिथंच उपसून राहिले. मला ऐकू येत होतं. 'प्रतिमा! अक्षत!' बाबा रडून राहिले होते. मी ओरडायची, पण घशात माती. आवाजच निघेना. उजाडलं, ऊन चढलं, घसा सुकून लाकूड झाला. आणि ह्या इथं," तिने हात लांब केला, "इतक्यावर कुलर. टाकी पाण्याने भरलेली. मला पाण्याचा वास येऊन राहिला होता."

नेहा जवळ सरकली.

"अक्षत म्हणायचा, ताई, पाणी. मी म्हणायची, हात लावायचा नाही. बाबांनी सांगितलंय. तो हात पुढे करायचा, मी त्याच्या हातावर चापट मारायची. दुपार होत आली, अन् मी तशीच चापट मारत बसलेली."

"पण दीदी," नेहा हळूच म्हणाली, "करंट असता तर खरंच..."

"वीज पहिल्या झटक्यातच गेली होती. सगळ्या शहराची."

कुणीतरी श्वास आत ओढला.

"मग अक्षतचे डोळे फिरायला लागले. तेव्हा मी म्हटलं, मरायचंच तर करंटने मरू. पुठ्ठा ओढून काढला, फटीतून हात घातला, ओला वाळा ओरबाडला, त्याच्या तोंडात पिळला. मग माझ्या. मग त्या फटीला तोंड लावून हाक मारली. निघाली हाक! बाबा आले अन् त्यांनी बाहेरून त्या कुलरला एक हिसका दिला. एक. विटांवरून खाली आला. आतून आम्ही दोघांनी पाय लावले असते, तरी पडला असता. आम्हाला भिंत वाटत होती ती."

"आणि आई?" पूर्णिमाने विचारलं.

"आई दुपारपर्यंत होती. शुद्धीवर आली होती. वॉर्डात जो दिसेल त्याला सांगत होती, पोरं आत आहेत, मागच्या खोलीत. त्या गर्दीत कोण कुणाचं ऐकतंय. आम्ही पोचलो तेव्हा... उशीर झाला होता."

अक्षत आता कटनीला रेल्वेत आहे. सणावारी येतो, त्या दिवसाबद्दल बोलत नाही. दिनकररावांनी त्यानंतर घरात कुलर बसवू दिला नाही. म्हातारा उन्हाळाभर ओला पंचा छातीवर टाकून बसतो.

पूर्णिमाने दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला नाही. पण ती गेटपासून लांबच्या पलंगावर सरकली आणि तिचं खाणं अर्ध्यावर आलं. दुपारी कुलूप खट् करून लागलं की तिची पेन्सिल थांबायची. दीदी रोज किल्ली मागायची. रत्नाकरजी रोज हसायचे.

मे महिना लागला. खिडकीत कुलर बसला, तारेने कडेच्या गजांना बांधून, बाहेर लोखंडी स्टँडवर. आणि रत्नाकरजींनी वर चिठ्ठी चिकटवली: हाथ न लगाएँ.

दीदीने ती चिठ्ठी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग पीठ मळायला गेली.

त्यानंतरचा रविवार. जेवणं झाली, कुलूप लागलं, स्कूटर गेली. दीदीने पदर खोचला.

"उठा गं सगळ्या. अभ्यास आहे."

"रविवारी?"

"हो. बाहेर निघायचा."

तिने कुलरचा प्लग भिंतीतून ओढून काढला आणि हात उंच करून सगळ्यांना दाखवला. "हे पाहा. आता हे एक पत्र्याचं डबडं आहे. कळलं? घरीदारी चालू कुलरला कोणी हात लावायचा नाही, हेही ऐका. आधी प्लग. मग हात." मग तिने पक्कडीने तारा सोडवल्या, पुठ्ठे काढले आणि फटीला तोंड लावून हाक मारली. "अंबादास भैया! ठेला सरकवा!"

"काहून जी?"

"कुलर येऊन राहिला!"

"कुठून?"

"अहो, सरका हो! अन् रस्त्यावर कोणाला येऊ देऊ नका!"

ठेल्याची चाकं करकरली. गल्लीतलं एक पोर टाळ्या पिटायला लागलं, त्याला अंबादासने बकोटीला धरून लांब नेलं.

मुलींनी खिडकीपाशी पलंग ओढला. त्यावर बसून, मागे हात टेकून, एकेकीने पाय उचलले आणि कुलरच्या पत्र्याला लावले. पत्रा ओला आणि गार होता. नेहा खिदळायला लागली, "दीदी, नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे. एकदाची मी तरी बाहेर पडेन."

फक्त पूर्णिमा मागे उभी होती. दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"ये."

"करंट लागंल."

"प्लग कुठं आहे?"

पूर्णिमाने प्लगकडे पाहिलं. जमिनीवर पडला होता. तिला दिसत होता. तरी तिचे हात सुटेनात.

"ढकलू का, दीदी?" मुली ओरडल्या. "पाय दुखून राहिले!"

"थांबा. ही हात लावेपर्यंत कोणी ढकलायचं नाही. एकही जण नाही."

पाण्याचा थेंब टाकीत पडत होता, तेवढाच आवाज. दीदीने तिला ओढलं नाही, समजावलंही नाही. ती नुसती कुलरशेजारी उभी राहिली, आपला तळवा पत्र्यावर सपाट ठेवून. पूर्णिमा एक पाऊल आली. मग अर्धं. मग तिने करंगळी पुढे केली, डोळे घट्ट मिटून, टोक टेकवलं आणि झटकन मागे घेतली.

काही झालं नाही.

तिने डोळे उघडले. पुन्हा बोट लावलं. मग पंजा. मग तिचं तोंड वाकडं झालं, रडायला की हसायला ते तिलाही ठाऊक नव्हतं, आणि ती पलंगावर चढून बाकीच्यांच्या मध्ये घुसली आणि तिने दोन्ही पाय पत्र्याला लावले.

"आता," दीदी म्हणाली.

कुलर स्टँडवरून घसरला आणि असा धडाड करून गल्लीत पडला, की लिंबावरचे पोपट उडाले. टाकी फुटली, पाण्याचा लोट नालीपर्यंत गेला. आणि खिडकीच्या जागी, मुली एवढे दिवस जिथे पत्रा बघत होत्या तिथे, लिंबाचं झाड होतं, ठेला होता, ऊन होतं.

एकेक करून त्या उतरल्या. दीदी शेवटी. गुडघा खरचटला, तिने पाहिलंही नाही.

साडेपाचला रत्नाकरजी आले तेव्हा पोरी लिंबाखाली ओळीने बसून पोहे खात होत्या. पोहे शेजारणींनी दिले होते. निम्मी गल्ली जमली होती. रत्नाकरजींनी पडलेला कुलर पाहिला, मुली पाहिल्या. आणि मग त्यांनी काय करावं? सवयीने गेटपाशी गेले, कुलूप काढलं, आत गेले. आतून परत आले. कुलूप हातातच होतं.

"ये क्या तमाशा है, दीदी?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "पोरी हातपाय मोडून घेतील!"

"गेटवर गाल चेपून घेतला, तेव्हा बर्फ सांगितला होता तुम्ही."

"चला, आत व्हा सगळ्या."

कुणी उठलं नाही. पूर्णिमाने पोह्यातला शेंगदाणा वेचून तोंडात टाकला आणि सगळ्या गल्लीदेखत म्हणाली, "किल्ली आतमध्ये राहील तर येऊ, काका. नाही तर इथंच बसतो. बाबांना फोन करा तुम्ही. मी सांगते त्यांना, गाल कसा झाला होता ते."

शेजारच्या बाया पुढे सरकल्या. अंबादासनेही इस्त्री खाली ठेवली. "साहेब, त्या दिवशी मी दगड उचलला होता जी," तो म्हणाला. "मारला नाही, तेच चुकलं."

दिवेलागणीपर्यंत चाललं. शेवटी रत्नाकरजींनी जुडग्यातून दुसरी किल्ली सोडवली आणि कुणाच्या हातात द्यावी हे न कळून तशीच धरून उभे राहिले. दीदीने हात पुढे केला नाही. "माझ्याकडे नको. माझ्याकडून तुम्ही एकदा घेतली आहे. तिला द्या."

पूर्णिमाने किल्ली घेतली. त्या दिवसापासून ती गेटच्या आतल्या बाजूला खिळ्याला लटकते. खिळा खाली ठोकलेला आहे, सगळ्यांत बुटक्या मुलीचा हात पोचेल एवढा खाली.

कुलरचं निमित्त करून रत्नाकरजींनी महिनाअखेरीला दीदीला काढलं. तिला ते माहीतच होतं. निघायच्या दिवशी दुपार होती, गेटला कुलूप होतं, रत्नाकरजी घरी झोपले होते. दीदीने पिशवी उचलली. मुली रडत होत्या, नेहा तर हुंदके देत होती.

पूर्णिमा रडत नव्हती. तिने खिळ्यावरची किल्ली काढली, चौकटीतून हात बाहेर घातला, चाचपत कुलूप वळवलं आणि गेट ओढून उघडलं.

"या, दीदी," ती म्हणाली.

दीदी बाहेर पडली. पूर्णिमाने गेट लोटून घेतलं. कुलूप मात्र लावलं नाही.